जर्मनीला निघण्याआधी

(दृश्य: विद्यापीठाचा परिसर, सायकलींची लांब रांग)

जर्मनीत शिक्षण फुकट असतं, हे तुम्ही ऐकलं असेलच. बरंचसं खरंही आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवणीची फी घेत नाहीत. दर सत्राला एक वर्गणी भरायची आणि तिच्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पासही येतो. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग हे राज्य २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४च्या हिवाळी सत्रापासून अशी फी सुरू केली. तेव्हा चौकशी नुसत्या जर्मनीची करू नका, राज्य आणि विद्यापीठ यांचं नाव घेऊन करा.

फीचं एवढंच. खरी दमछाक होते ती कागदांत, आणि कागद जमवण्यापेक्षाही त्यांचा क्रम लावण्यात. इथला प्रत्येक कागद आधीच्या कागदाचा हात धरून चालतो.

सुरुवात एपीएसपासून. नोव्हेंबर २०२२पासून भारतातून शिकायला जाणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना हे प्रमाणपत्र लागतंच. तुमच्या गुणपत्रिका आणि पदव्या खऱ्या आहेत ना, याची ही पडताळणी. ते नसेल तर व्हिसाचं काम पुढे सरकत नाही, आणि कित्येक विद्यापीठं प्रवेश अर्जासोबतच ते मागतात. हिवाळी सत्राच्या अर्जांची मुदत साधारण १५ जुलैला संपते, अनेक मास्टर्स अभ्यासक्रमांची त्याच्या बरीच आधी. म्हणून एपीएस शेवटच्या महिन्यांवर ढकलू नये.

(दृश्य: गुणपत्रिका, शेजारी पेन्सिलीनं मांडलेलं गणित)

आता थोडं गणित. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. सगळी उलटी गंगा. आपले टक्के या मापात बसवायला सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. शंभरातून तुमचे टक्के वजा करा. शंभरातूनच पासिंगचे टक्के वजा करा. पहिल्या उत्तराला दुसऱ्यानं भागा, तीननं गुणा आणि एक मिळवा.

समजा, तुम्हाला ७० टक्के आहेत आणि पासिंग ४०ला आहे. उत्तर येतं २.५. तेच ७० टक्के, पण पासिंग ५०ला असेल तर २.८. अनेक अभ्यासक्रमांची अटच असते, २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी. म्हणजे टक्के सारखेच, तरी एक जण आत आणि दुसरा दाराबाहेर. तुमच्या गुणपत्रिकेवर किमान उत्तीर्ण गुण छापलेले नसतील, तर भारतातल्या तुमच्या विद्यापीठाकडून तसं लेखी पत्र घ्या. एसओपीच्या, म्हणजे हाच अभ्यासक्रम का हवा हे सांगणाऱ्या निवेदनाच्या, एकेका वाक्यावर लोक रात्री जागवतात, हे पत्र मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसतं!

मग पैसा. व्हिसासाठी खर्चाची सोय दाखवावी लागते, आणि बहुतेक जण त्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. १ सप्टेंबर २०२४पासून वर्षाची रक्कम ११,९०४ युरो. पैसे तुमचेच, पण हातात येतात महिन्याला ९९२ युरो. आरोग्य विमाही लागतो, त्याशिवाय विद्यापीठात नावनोंदणी होत नाही.

(दृश्य: इमारतीचं दार, नावांच्या पट्ट्या लावलेल्या टपालपेट्या)

खरी गाठ पडते ती उतरल्यावर. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे यायला साधं बँक खातं हवं. खातं उघडताना बऱ्याच बँका पत्त्याची नोंदणी मागतात. ही नोंदणी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात करायची असते, आणि तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. म्हणजे आधी खोली. आणि खोलीसाठी अनामत, जी मूळ भाड्याच्या तिप्पटीपर्यंत असू शकते. ती द्यायची कशातून? पैसे तर खात्यात अडकलेले!

यावर उपाय दोनच. ब्लॉक्ड अकाउंटबाहेर अनामत आणि पहिल्या भाड्यापुरती वेगळी रक्कम ठेवा. आणि प्रवेशपत्राची वाट न बघता, नियमात बसत असेल तिथे, विद्यार्थी वसतिगृहांच्या प्रतीक्षायादीत नाव घाला. मोठ्या शहरांत ती यादी लांबलचक असते. खोली न दाखवताच 'मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली टपालानं येईल' असं सांगणारा मालक भेटला, तर तो मालक नव्हेच.

खोली मिळाली की पहिल्याच दिवशी टपालपेटीवर आपलं आडनाव चिकटवा. बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, करक्रमांक, सगळं टपालानं येतं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेतो, मग पत्ता कितीही बरोबर असो.

अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी नगरपालिकेतले फॉर्म आणि भाडेकरार जर्मनच असतात. ए वन, म्हणजे जर्मन भाषेच्या अगदी पहिल्या पातळीवर भाडेकरार काही वाचता येत नाही. पण मूळ भाडं कोणतं आणि हीटिंग धरून कोणतं, एवढं तरी कळतं. तेवढ्यानंही पुष्कळ वाचतं.

राहिलं तिकीट. हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं, विद्यापीठांतली व्याख्यानं साधारण महिन्याच्या मध्यावर. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी, आणि रविवारी तर दुकानं बंदच. शनिवारी रात्री उतरणाऱ्याला चादर-उशीसुद्धा सोमवारीच मिळते. तेव्हा सप्टेंबरच्या मध्यातलं तिकीट काढा, तेही मंगळवार-बुधवारचं, म्हणजे कार्यालयं उघडी असताना तीन-चार दिवस हाताशी राहतील.