बियाण्याचा सातबारा

श्रोतेहो, नमस्कार.

चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. मराठवाड्यातलं नांदेड नव्हे, हे धानपट्ट्यातलं. तिथले दादाजी खोब्रागडे दीड एकरातले शेतकरी. १९८३च्या सुमारास 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसऱ्या कुणी त्या बाकीच्यांबरोबर कापल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला काढल्या, बी राखलं, पुढच्या हंगामात वेगळं लावलं, आणि हे वर्षानुवर्षं केलं. त्यातून बारीक दाण्याचा जो वाण निघाला, त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव पडलं : एचएमटी. आज हा तांदूळ किराणा दुकानात नावानं मागितला जातो.

पुढं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या, म्हणजे 'पीकेव्ही'च्या, संशोधन केंद्रानं दादाजींकडून प्रयोगासाठी बी नेलं आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' वाण बाहेर आला. शुद्धीकरण आम्ही केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. दादाजींना पुरस्कार मिळाले, हारतुरे मिळाले. वाणाचा मोबदला मिळाला नाही. २०१८च्या जूनमध्ये ते गेले, तेही हलाखीतच.

बी दिलं तेव्हा त्यांच्या हातात कायदाच नव्हता. तो आला २००१ मध्ये : पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्यातलं एकोणचाळिसावं कलम प्रत्येक शेतकऱ्यानं ऐकून ठेवावं असं आहे. संरक्षित, म्हणजे कुणाच्या तरी नावानं नोंदलेल्या, वाणाचं बीसुद्धा तुम्ही राखू शकता, पेरू शकता, पुन्हा पेरू शकता, शेजाऱ्याला देऊ शकता, विकूही शकता. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकायचं नाही.

२०१९ मध्ये गुजरातेत साबरकांठ्याच्या बटाटा शेतकऱ्यांवर पेप्सिको कंपनीनं चिप्सच्या वाणावरून प्रत्येकी कोटीच्या वर भरपाईचे दावे लावले, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूनं हेच कलम पुढं केलं गेलं. देशभर ओरड झाली आणि कंपनीनं दावे मागं घेतले. त्या वाणाच्या नोंदणीचा वाद मात्र पुढं कितीतरी वर्षं चालला.

पण बी वापरण्याचा हक्क वेगळा आणि 'हा वाण आमचा' हे सिद्ध करणं वेगळं. तिथं कागद लागतो. हळदीचंच घ्या. जखमेवर हळद लावतात हे आपल्याकडं पोरालाही ठाऊक. तरी १९९५ मध्ये अमेरिकेत त्यावर पेटंट दिलं गेलं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक होते, ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. कशाच्या जोरावर? संस्कृत ग्रंथ आणि जुन्या छापील लेखांच्या. 'आमची आजी सांगायची' हे तिथं चाललं नसतं. आणि आपल्या गावरान वाणांची माहिती तर बहुतेक आजीच्याच तोंडी! जमिनीला सातबारा आहे, बियाण्याला नाही. माझ्या मते या साऱ्या कायद्यांची खरी अडचण हीच आहे.

म्हणून दोन कामं सुचवतो. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती मागून बघा. नुसती 'भात, ज्वारी, वाल' अशी यादी असेल तर ती वही काही कामाची नाही. कोणता भात, कुठल्या खाचरात येतो, किती दिवसांत निसवतो, भाकरीला चालतो की पेजेला, पाऊस लांबला तर तग धरतो का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यात लिहून घ्या.

दुसरं, मघाच्या २००१च्या कायद्याखाली वाणाची नोंदणी. शेतकऱ्यांच्या वाणाला नोंदणी शुल्क माफ आहे. अर्ज एकट्यानं करता येतो, तसा गावानं मिळूनही. मी म्हणेन, जे बी पिढ्यान्‌पिढ्या साऱ्या गावानं राखलं, त्याचा अर्ज गावाच्याच नावानं जावा. एकाच्या नावावर गेलं तर उद्या भावकीत भांडणं लागतील. अर्जावर जैवविविधता समितीच्या अध्यक्षांची किंवा जिल्हा कृषी अधिकाऱ्यांची सही चालते, बियाण्याचा नमुना सोबत द्यावा लागतो. फॉर्म जरा किचकट आहे, तेव्हा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन तिथल्या माणसाला शेजारी बसवूनच भरा.

नमस्कार.