बॅटरी मरते मे महिन्यात

विषय दिला आहे 'हिवाळ्यात गाडीच्या बॅटरीची निगा'. तिकडे येतोच. पण आधी मला एक तारीख सांगू द्या, २९ डिसेंबर २०१८. त्या दिवशी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. इथल्या बऱ्याच जणांना ती सकाळ आठवत असेल. कोणाकोणाची गाडी त्या दिवशी सुरू झाली नव्हती, जरा हात वर करा. बघा, मी म्हटलं ना!

बाबांना पहाटेच्या गाडीला स्टेशनवर सोडायचं होतं. सामान डिकीत, बाबा मफलर गुंडाळून पुढच्या सीटवर. किल्ली फिरवली तर नुसतं टक-टक-टक. सेल्फ घेईचना. शेजारचे दोघं स्वेटर चढवत आले, गल्लीच्या टोकापर्यंत धक्का मारला, तरी नाही. शेवटी ऑटो करून बाबा गेले. गाडी मिळाली, पण फलाटावर त्यांना पळावं लागलं. बहात्तर वर्षांच्या माणसाला त्या थंडीत पळायला लागावं, हे मला आजही टोचतं.

दुपारी दुकानात गेलो. दुकानदार बॅटरीकडे न बघताच म्हणाला, "ठंडीनं गेली साहेब, बदलून टाका." बदलली. बरोबर वर्षभरानं, पुढच्या डिसेंबरात, तीच टक-टक. तेव्हा मी टॉर्च घेऊन बॅटरीवरचा कोड नीट वाचला. बनवल्याची तारीख मार्च २०१७! म्हणजे मला 'नवी' म्हणून विकलेली बॅटरी २०१७ आणि २०१८ असे दोन उन्हाळे दुकानाच्या फळीवर काढून आली होती. फळी पश्चिमेच्या काचेला लागून. नुसती पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते, उष्णतेत तर झपाट्यानं. उतरलेली तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. मी विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "तुम्ही चार्जिंग नीट ठेवलं नाही." तेव्हापासून माझं एकच सांगणं आहे: पैसे देण्याआधी बनवल्याची तारीख बघा. चार-सहा महिन्यांहून जुनी असेल तर घेऊ नका.

आणि मुख्य म्हणजे, थंडीला दोष देऊ नका. आपल्या नागपुरात बॅटरी मरते मे महिन्यात, आपल्याला कळतं डिसेंबरात. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश होतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, आपण स्वतःसाठी खसाचा कूलर लावतो आणि गाडी उघड्या उन्हात उभी करतो. बॉनेटखाली काय भट्टी पेटत असेल! आतलं पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या गंजतात, ताकद हळूहळू खचत जाते. उन्हाळ्यात ते लक्षात येत नाही, कारण गरम इंजिन हलकं फिरतं. थंडीत ऑइल घट्ट होतं, इंजिन जड होतं, आणि त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. चांगली बॅटरीसुद्धा शून्य अंशाला साधारण ऐंशी टक्केच ताकद देते. खचलेली मग उघडी पडते. पूर्वी ॲम्बेसेडरला हँडल असायचं, ते मारून वेळ निभायची. आता तीही सोय राहिली नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली म्हणतात. तर जे सांगायचं होतं ते भराभर सांगतो.

व्होल्ट मोजायचा तीन-चारशे रुपयांचा मीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली म्हणजे चार्जरला लावा. इंजिन चालू असताना साधारण १४च्या आसपास दिसलं पाहिजे, नाहीतर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, तपासा. टर्मिनलवर, म्हणजे तारा जोडायच्या टोकांवर, पांढरा-हिरवट फुलोरा आला असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशनं घासा. कसा फसफसतो बघा! मग पुसून, क्लॅम्प घट्ट करून, वर व्हॅसलिन. बऱ्याच 'मेलेल्या' बॅटऱ्या एवढ्यानंच उठतात. काढताना उणे टोक आधी, लावताना शेवटी, म्हणजे पाना बॉडीला लागून ठिणगी उडणार नाही. पाणी भरायची झाकणं असलेली बॅटरी असेल तर त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नाही, आणि ॲसिड तर कधीच नाही.

रोज सकाळी दोन मिनिटं जागच्या जागी गाडी सुरू ठेवण्यानं बॅटरी भरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास वर्धा रोडला फिरवून आणा. सेल्फ मारताना दिवे, पंखा, टेप सगळं बंद. पाच-सात सेकंदांवर सेल्फ धरू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

आणि कोणी काश्मीरला गाडी नेणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून न्या. भरलेली उणे चाळीसलाही गोठत नाही, पण उतरलेली शून्याच्या थोडं खालीच गोठते आणि डबा फुटतो.

प्रश्न खाली पार्किंगमध्ये घेतो. मीटर आणलाय. बॉनेट उघडून ठेवा, एकेकाची बघून देतो.