चाळीस पत्रिकांची परीक्षा

(दृश्य: कोऱ्या कागदावर छापलेली कुंडली. नावाची जागा रिकामी.)

बारा घरं. त्यांत मांडलेले ग्रह. वर नाव नाही, नुसता क्रमांक.

ही पत्रिका एका शाळकरी मुलाची आहे. मूल वर्गात हुशार म्हणून ओळखलं जातं, की बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत जातं? तेवढंच सांगायचं. लग्न कधी, परदेशयोग आहे का, सरकारी नोकरी लागेल का, असलं काही विचारलेलं नाही.

2008 साली पुण्यात ज्योतिष्यांपुढे हा प्रश्न ठेवला गेला. ठेवणारे चौघे होते: खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाची चिकित्सा करणारे प्रकाश घाटपांडे.

त्याआधी सात वर्षं, 2001 मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांतून ज्योतिष शिकवायचा घाट घातला होता. वैज्ञानिकांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2004 मध्ये न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ज्योतिष हे विज्ञान आहे की नाही, यावर मग वर्तमानपत्रांतून भरपूर शाई सांडली. पुण्यात अशा वादांना कधी तोटा नसतो. पण कुणीतरी बसून मोजायला हवं होतं.

(दृश्य: शाळेचं पटांगण, मधली सुट्टी. चेहरे दिसत नाहीत.)

समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून फिरले. 100 मुलं शिक्षकांनी हुशार ठरवलेली, 100 मुलं विशेष शाळांतली. जन्मवेळ पालकांकडून घेतली, कारण ज्योतिषी स्वतःच म्हणतात की जन्मवेळ आईवडिलांनी सांगितलेली बरी. पत्रिका संगणकावर, ज्योतिषाच्याच सॉफ्टवेअरमधून काढल्या. कोणता क्रमांक कोणत्या मुलाचा, ती यादी विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाकडे ठेवली.

12 मे 2008. पत्रकार परिषदेत जाहीर आवाहन झालं: या, 40 पत्रिका घेऊन जा, उत्तरं लिहून पाठवा.

51 ज्योतिष्यांनी पत्रिका मागवल्या. उत्तरं आली 27 जणांची.

नाणं उडवलं, छापा पडला तर हुशार, काटा पडला तर दुसरा, तर 40 पैकी साधारण 20 उत्तरं आपोआप बरोबर येतात. नुसत्या नशिबावर 28 किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. म्हणून पट्टी 28 वर ठेवली. 40 पैकी 28 म्हणजे 70 टक्के. भविष्य सांगणाऱ्याकडून ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. पत्रिका बरोबर निघाल्याचे जे किस्से आपण घरोघरी ऐकतो, ते तर शंभर टक्क्यांचे असतात.

सरासरी आली 46 टक्के. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याची 24 उत्तरं बरोबर होती.

या 24 पाशी जरा थांबू. त्या एका माणसाकडे काहीतरी विद्या असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण 27 जणांना खोलीत बसवून प्रत्येकाला 40 वेळा नाणं उडवायला लावा. त्यांतल्या तिघाचौघांची मजल 24 पर्यंत जातेच. आपण त्या तिघाचौघांचीच नावं लक्षात ठेवतो, आणि पुढच्या लग्नाला त्यांचाच फोन नंबर एकमेकांना देतो.

एका ज्योतिष संस्थेने सगळ्या 200 पत्रिका तपासल्या. बरोबर आल्या 102.

(दृश्य: नाणं टेबलावर फिरतंय. पडण्याआधीच दृश्य बदलतं.)

ज्योतिषी यावर म्हणतात, नुसता कागद पुरत नाही, माणूस समोर हवा. हे मला मान्य आहे, जरा वेगळ्या अर्थाने. माणूस समोर आला की त्याचे कपडे दिसतात, बोलणं कळतं, शेजारी बसलेली आई कोणत्या प्रश्नाला पदर चाचपते तेही दिसतं. अशा वेळी पत्रिकेहून चेहरा जास्त बोलतो. पण बुद्धी पंचमस्थानावरून आणि बुधावरून पाहावी, हे त्यांच्याच शास्त्रात सांगितलंय, आणि ते दोन्ही कागदावर होतं.

हिशेबात न बसणारी एक गोष्टही आहे. ज्योतिष्याकडे जाणारे सगळेच खुळे नसतात. मुलीचं जमत नाहीये, दुकान बसलंय, दवाखान्यातला रिपोर्ट यायचाय. अशा वेळी शांतपणे पाऊण तास ऐकून घेणारा, आणि 'मार्चनंतर बरं आहे' म्हणणारा माणूस दुसरीकडे कुठे मिळतो? मला त्या पाऊण तासाचा राग येत नाही. राग येतो तो मंगळाचा. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं, यांपैकी कुठल्याही घरात मंगळ असला की मुलगी मंगळी. बारांतली पाच घरं! म्हणजे ढोबळमानाने दर बारा मुलींत पाच. एवढ्या मुलींना दोष लावून वर त्याची शांत करायचे पैसे घ्यायचे.

(दृश्य: ओंकारेश्वराजवळचा पूल. सकाळ. फिरायला निघालेली माणसं.)

20 ऑगस्ट 2013. याच पुलावर सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांची गोळ्या झाडून हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम पुढच्या काही दिवसांतच निघाला, आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, करणीच्या नावाने छळ, हे सगळं त्यात गुन्हा आहे. ज्योतिष मात्र नाही. वास्तुशास्त्राचा सल्ला आणि ज्योतिष्यांचा सल्ला त्यातून वगळलेला आहे. नंदीबैलवाल्या ज्योतिष्याचा तर स्वतंत्र उल्लेख आहे. दारात गुबूगुबू वाजवत येणारा, मूठभर तांदळावर नंदीला मान डोलवायला लावणारा तो माणूस कायद्याने निर्धोक.

त्याच्याबद्दल तक्रार नाही. तो तांदूळ घेऊन पुढच्या दारी जातो.

प्रयोगाचे निष्कर्ष 2009 मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात आले. नारळीकर 20 मे 2025 रोजी पुण्यात गेले.

(दृश्य: पुन्हा तीच कुंडली. क्रमांकावर कॅमेरा.)

ती 200 मुलं तेव्हा शाळेत होती. आता तिशीच्या आसपास असतील. त्यांतल्या हुशार शंभरांपैकी बऱ्याच जणांच्या पत्रिका एव्हाना पुन्हा बाहेर निघाल्या असतील, कुणा ज्योतिष्याच्या टेबलावर, नाहीतर एखाद्या विवाहसंस्थेच्या ॲपवर. या वेळी नावासकट. आणि कुणीतरी चष्मा वर सरकवून म्हणालं असेल, 36 पैकी 17 जमतायत, अठरा हवे होते.