बुटीबोरीच्या वळणावरचं पातं

[दृश्य: नागपूरजवळचं बुटीबोरी, दुपार. रस्त्याच्या कडेला लांबलचक ट्रेलर, त्यावर एकच पांढरं पातं.]

हे जे दिसून राहिलं ना, ते विमानाचा पंख नाही. टपरीवर उभ्या चौघांपैकी दोघांना तसंच वाटलं होतं, आणि खरं सांगतो, लांबून मलाही. हे पवनचक्कीचं पातं आहे. एका पवनचक्कीला अशी तीन लागतात, आणि हे एकच न्यायला एक अख्खा ट्रेलर, पुढे एक गाडी, मागे एक गाडी, लाल झेंडे, आणि हातात लांब बांबू घेतलेली दोन पोरं. बांबू कशाला, ते नंतर कळेल.

ट्रेलर चालला होता तुळजापूर हायवेनं धाराशिवकडे. ड्रायव्हर म्हणाला सकाळपासून इथंच अडकलोय, परवानगी यायची आहे. तो चहाला बसला, आम्ही कॅमेरा काढला, आणि टपरीवर पाच मिनिटांत वाऱ्याच्या विजेचा भरवसा धरावा का यावर सगळ्यांची मतं तयार.

"हवा नाई आली त काय करतीन भाऊ? फुका मारून फिरवतीन का?" हा पहिला. दुसरा म्हणे, कोळशाचं बरं असते, टाकला का जळला. तिसरा पोट्टा इंजिनिअरिंगचा, मोबाईलवर काहीतरी शोधून म्हणे, टेक्सासमध्ये पवनचक्क्या गोठल्या आणि सगळा अंधार झाला. आणि टपरीवाले काका, गाळणीतून चहा ओतता ओतता, वर न बघता बोलले, "याच्यानं लाईट जाते. पाहाजा तुम्ही."

मी हसलो तेव्हा. काकांचं म्हणणं कसं खरं ठरलं ते पुढे येईलच.

आता गंमत अशी की या चौघांपैकी एकानंही चालू पवनचक्की जवळून पाहिलेली नाही. विदर्भात वारा नाही असं नाही, पण पवनचक्की परवडेल असा दमदार वारा आपल्या पठारावर नाही, तो तिकडे साताऱ्याला चाळकेवाडी-वनकुसवडे, सांगलीकडे ढालगाव, धुळ्यात ब्राह्मणवेल, अशा ठिकाणी. मग नागपूरच्या माणसानं पवनचक्की पाहिली कुठे? तर पुण्याला जाताना. समृद्धी व्हायच्या आधी ट्रॅव्हल्सनं जायचो तेव्हा नगर मागे पडलं की सुप्याजवळ कावड्या डोंगरावर त्या दिसायच्या, पहाटेची वेळ, डोळे अर्धे बंद, आणि हमखास त्यातल्या दोन-चार थांबलेल्या. बाजूच्या सीटवरचा माणूस म्हणणारच, बघा, बंदच असतात, सबसिडी खायला उभ्या केल्या.

मी पण हेच म्हणत होतो. या फिल्मसाठी डिसेंबरात तिथं गेलो, दोन तास कॅमेरा लावून बसलो, समोरची एक पवनचक्की हलली नाही. रागच आला. पायथ्याशी काम करणाऱ्या टेक्निशियनला विचारलं, तो म्हणाला साहेब जुलैत या. जुलैत गेलो तर ट्रायपॉड उभा राहीना, छत्री उलटी झाली, आणि तो म्हणतो काय, आता बघा, अजून वाढला वारा तर ही आपणहून बंद होईल.

कारण असं आहे. साधारण सेकंदाला ३ मीटर वारा असला की पातं वीज द्यायला लागतं, १२ मीटरच्या आसपास ते पूर्ण ताकदीनं चालतं, आणि २५ च्या वर गेलं की मशीन मोडू नये म्हणून स्वतःला थांबवतं. म्हणजे थांबलेली पवनचक्की दिसली की वारा कमी असेल, फार जास्त असेल, दुरुस्ती चालली असेल, किंवा वरून निरोप आला असेल की आता तुमची वीज नको, लाईन भरली आहे. बसच्या खिडकीतून यातलं काहीच कळत नाही. आणि एक हिशोब जो मला शाळेत कुणी सांगितला नाही, वारा अर्धा झाला तर वीज अर्धी होत नाही, आठवा हिस्सा होते. त्यामुळे टपरीवरचा पहिला जो बोलला, फुका मारून फिरवतीन का, तो अगदीच चुकीचं नाही बोलला. वारा लहरी आहेच.

[दृश्य: संध्याकाळ, उत्तर नागपुरातल्या गच्चीवरून कोराडी वीज केंद्राच्या धुराच्या चिमण्या.]

पण मग कोळसा? नागपूरकराला कोळशाबद्दल कुणी शिकवायची गरज नाही. कोराडी, खापरखेडा, मौदा, खाली चंद्रपूर. गच्चीवर गेलं की चिमण्यांचे लाल दिवे दिसतात, तिकडच्या गावांत वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते. चंद्रपूरहून तर वीज थेट मुंबईकडे पडघ्याला नेणारी ७५२ किलोमीटरची लाईन आहे, १९९९ पासून. आमच्याकडे धूर, तुमच्याकडे लाईट, हे भांडण विदर्भात जुनं आहे, त्यात मी आत्ता पडत नाही, नाहीतर ही फिल्म तीन तासांची होईल.

औष्णिक केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये सगळी नोकरी काढून रिटायर झालेले एक काका भेटले. नाव नको म्हणाले. त्यांच्या घरात हॉलमध्ये अजून भिंतीवर एक जुना फ्रिक्वेन्सी मीटर लावलाय, लोक घड्याळ लावतात तसा. काटा पन्नासच्या आसपास थरथरतो. मी विचारलं काका हे काय? म्हणाले हा देशाचा बीपी आहे.

त्यांनी जे समजावलं ते असं. रामनवमीच्या शोभायात्रेतला रथ डोळ्यासमोर आणा, दोरी धरून शंभर जण ओढून राहिले. देशातलं प्रत्येक जनित्र त्या एकाच दोरीला लागलेलं आहे, २०१३ च्या शेवटी दक्षिणेची ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, पण जोडली गेली तेव्हापासून तर अख्ख्या भारताची एकच दोरी. रथाचा वेग म्हणजे ५० हर्ट्झ. कुणी दोरी सोडली की बाकीच्यांवर ओझं येतं, वेग जरासा पडतो, मीटरचा काटा खाली. मग दुसऱ्यांनी जोर लावायचा. काका म्हणाले, "तुमच्या पवनचक्क्या दोरी हळूहळू सोडतात, एक इथली, एक तिथली, तास-दोन तास लागतात, तवरी माणूस सावध होते. आमचा ६६० मेगावॉटचा एक सेट ट्रिप झाला ना, त एका सेकंदात सहाशेसाठ मेगावॉट खल्लास. सांगून नाई जात."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. आयुष्यभर कोळशाची राखण केलेला माणूस हे बोलून राहिला. लगेच पुढे म्हणाले, याचा अर्थ कोळसा वाईट असं लिहू नका, संध्याकाळी सातला तुमचं सोलर झोपते तवा कोण उठते? आमीच.

त्या सातच्या वेळेला अजून एक जण उठतं, पाणी. कोळशाचा थंड पडलेला संच परत चालू करायला कित्येक तास लागतात, कोयनेचं पाणी सोडलं की काही मिनिटांत वीज हजर. ५ एप्रिल २०२० आठवतो का, रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद? तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत, आपल्या उत्तर नागपूरचेच, त्यांनी काळजी बोलून दाखवली होती की सगळ्यांनी एकदम दिवे बंद केले तर ग्रिडला झटका बसेल. त्या काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटनं पडली, आणि ग्रिड टिकली, कारण जलविद्युत केंद्रं आधी चढवून ठेवून बरोब्बर त्या वेळेला खाली आणली आणि मग परत वर नेली. त्यासाठी राज्याराज्यांतल्या लोड डिस्पॅच सेंटरमध्ये, म्हणजे कुणी किती वीज घालायची ते ठरवणाऱ्या ऑफिसात, माणसं श्वास धरून बसली होती. आपल्याकडे असं एक ऑफिस अंबाझरीला आहे, तलावावर फिरायला येणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

आणि कोळसा म्हणजे टाकला का जळला, हे जे टपरीवरच्या दुसऱ्यानं सांगितलं, त्याला टाकायला कोळसा असावा लागतो ना. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशभरातल्या औष्णिक केंद्रांकडे सरासरी चारेक दिवसांचा साठा उरला होता. खाणींत पाणी, मागणी अचानक वाढलेली, परदेशी कोळसा महाग. परळीचं केंद्र तर २०१५ मध्ये कोळसा असून बंद करावं लागलं, कारण धरणात पाणीच नव्हतं. औष्णिकला पाणी किती लागतं बघा, कोराडीला आपल्या भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी जातं. म्हणजे नागपूरच्या न्हाणीघरातून गेलेलं पाणी परत लाईट होऊन येतं म्हणा ना.

पण त्याच ऑक्टोबरमध्ये पवनचक्क्यांची पण बाजू लंगडी आहे, ती लपवायची नाही. महाराष्ट्रात वाऱ्याचा खरा सीझन जून ते सप्टेंबर. तेव्हा पाऊस, कूलर बंद, शेतातले पंप बंद, मागणी कमी. मग पाऊस जातो, वारा पडतो, ऑक्टोबर हीट सुरू, पंप चालू, मागणी वर. नेमकं पाहिजे तेव्हा पातं ढिलं. आणि आपला खरा जीव जातो मे महिन्यात, रात्री अकराला पण उकाडा हटत नाही, घराघरात कूलर घरघरतो, तेव्हा सोलर नाही आणि आपल्या इथं तर झाडाचं पान हलत नाही. त्या रात्रीसाठी काहीतरी साठवून ठेवावं लागणार, बॅटरी म्हणा नाहीतर घाटघरच्या जलविद्युत केंद्रासारखं, वीज उरते तेव्हा पाणी वर चढवून लागेल तेव्हा सोडायचं. घाटघर २५० मेगावॉटचं आहे. ३० मे २०२४ ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटला टेकली होती. अजून किती पल्ला आहे ते यावरून दिसतं.

[दृश्य: मानेवाडा भागातली गल्ली. छतांवर सोलर पॅनेल.]

आता या गल्लीत या. इथं पवनचक्कीचा काही संबंध नाही पण भरवशाचं भांडण सगळ्यात जोरात इथंच चाललंय. फेब्रुवारी २०२४ ला केंद्राची योजना आली, ३ किलोवॉटला ७८ हजार सबसिडी, लोकांनी धडाधड पॅनेल लावले. एक काकू आम्हाला हात धरून मीटरपाशी घेऊन गेल्या. "बिल झिरो येते, खोटं नाई बोलत. पण मले सांगा, भर दुपारी लाईट गेली, वर ऊन कडक, पॅनेल आमचे, पैसा आमचा, आणि पंखा बंद! काहून?"

त्यांना लावून देणाऱ्यानं हे सांगितलंच नव्हतं. कुणीच सांगत नाही. नेट मीटरवालं, म्हणजे उरलेली वीज लाईनीत देणारं साधं सोलर, बॅटरी नसलेलं, ते लाईन गेली की मुद्दाम बंद होतं. कारण तेव्हा खांबावर लाईनमन चढलेला असू शकतो, त्यानं डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतून, लाईन बंद केलेली आहे आणि इकडून तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत गेली तर तो मरेल. काकूंनी ऐकलं, थोडं थांबल्या, मग म्हणाल्या, "हे त बरोबर आहे बाप्पा. पण आधी सांगायला तोंड दुखते का यांचं?"

आणि लाईट गेली का होती? आम्ही चौकशी केली. आदल्या रात्री वादळ आलं, कडुलिंबाची फांदी पडली, जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, तुटला. बस. कोळसाही भरपूर होता आणि वाराही नको तितका होता. मी माझ्या घरी महिनाभर वही ठेवली, लाईट कधी गेली, का गेली. अकरा वेळा गेली. फांदी, खांबावरचा डीओ फ्यूज उडाला, डीपीत पाणी, एकदा खार, एकदा मेट्रोच्या का कशाच्या खोदकामात केबल कापली. वीज कमी पडली म्हणून एकदाही नाही. एका घराची वही आहे, यावरून राज्याचं काही ठरत नाही, पण नाक्यावर आम्ही कोळसा की वारा म्हणून भांडतो आणि लाईट घालवते ती खार.

टेक्साससुद्धा पूर्ण ऐका. फेब्रुवारी २०२१ मध्ये पवनचक्क्या गोठल्या हे खरं, पण सगळ्यात मोठा खड्डा पडला तो गॅसच्या केंद्रांचा आणि गॅसच्या पुरवठ्याचा, ते पण गोठलं. उलटं उदाहरण पण आहे, सप्टेंबर २०१६ ला दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळानं टॉवर पाडले, आणि त्यानंतर काही पवनचक्क्या एका सेटिंगमुळे पटापट ग्रिड सोडून गेल्या, ते सेटिंग चालवणाऱ्यांना नीट माहीतच नव्हतं. ते नंतर बदललं. फॉरवर्डमध्ये दोन्हीकडचे अर्धे अर्धेच येतात.

जिथं पवनचक्क्या खरोखर आहेत तिथली भांडणं वेगळी. सांगली-साताऱ्याकडे पंचवीस-एक वर्षांमागे लोक म्हणायचे यांच्यामुळे ढग पळतात, पाऊस पडत नाही. पातं फार तर शंभरेक मीटरवर, पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वरपर्यंत गेलेले, त्यांना पिटाळायची ताकद पात्यात नाही. पण दुष्काळात डोंगरावर कुणीतरी नवीन येऊन उभं राहिलं आणि गावाला वीज काही मिळाली नाही, तर गाव काय म्हणणार? बीडकडे तर पवनचक्की म्हटलं की आता मस्साजोगच्या सरपंचांचा खून आणि खंडणीचा खटलाच आठवतो. तिथं वारा भरवशाचा आहे का हा प्रश्न कुणी विचारत पण नाही, जमिनीचा मोबदला कुणाला किती आणि मधे कोण बसलाय, हेच.

[दृश्य: पुन्हा बुटीबोरी. अंधार पडत आलेला.]

साडेसहाला परवानगी आली. ट्रेलर सुरू झाला. वळणावर रस्त्याच्या आडव्या दोन तारा जातात, पात्याचं टोक उचलल्यासारखं वर, आणि आता ती बांबूवाली पोरं कामाला लागली. एकानं तार बांबूनं वर धरायची, पातं खालून सरकवायचं. पण चालू लाईनीत हे कोण करेल? म्हणून लाईनमन आला, डीपी उघडली, फ्यूज काढले.

टपरीचा बल्ब विझला. बाजूचं पंक्चरवालं दुकान, समोरचा धाबा, सगळं काळं. अंधारात ते पांढरं पातं इतकं हळू सरकत होतं की सरकतंय हे कळत नव्हतं.

गॅसच्या निळ्या उजेडात टपरीवाल्या काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हटलं होतं ना, याच्यानं लाईट जाते."