उसगाळीमळचा चक्रव्यूह: आधी हात, मग अर्थ

मंडळी, निमंत्रणपत्रिकेत विषय छापलाय, 'हा चक्रव्यूह कुणी कोरला आणि कशासाठी'. 'कशासाठी'कडे येणारच आहे, पण त्याआधी प्रत्येकानं कागद आणि पेन्सिल काढावी. ही आकृती स्वतःच्या हातानं काढल्याशिवाय तिच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही, असं माझं पक्कं मत आहे.

जागा आपल्याला ठाऊक आहे. गोव्यातल्या सांगे तालुक्यात, रिवणजवळ, कुशावतीच्या काठचं जांभ्याचं कातळ. १९९३ साली पुरातत्त्वज्ञ डॉ. पी. पी. शिरोडकरांनी ते उजेडात आणलं. वशिंडाचे बैल, हरणं, माणसं, स्त्रीआकृती अशा शंभराहून अधिक आकृती तिथे आहेत, आणि त्यातच हा सात फेऱ्यांचा चक्रव्यूह. कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर या जागेचं नाव २०२२ साली जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेलं.

आता काढा. कागदाच्या मध्याच्या जरा खाली अधिक चिन्ह; वर आठ रेषांची जागा लागते, म्हणून खाली. चिन्हाच्या चारही कोनाड्यांत एकेक काटकोन, कोपरा मधल्या फुलीकडे आणि दोन्ही बाहू बाहेर. मग त्या काटकोनांच्या पलीकडे, चारही कोपऱ्यांत, एकेक ठिपका. एकूण सोळा टोकं झाली: फुलीची चार, काटकोनांची आठ, ठिपके चार. फुलीचं वरचं टोक उजवीकडच्या शेजारच्या टोकाला कमानीनं जोडा. पुढची कमान फुलीच्या वरच्या टोकाच्या डावीकडच्या शेजारच्या टोकापासून, म्हणजे डाव्या काटकोनाच्या उभ्या टोकापासून, पहिल्या कमानीवरून, वरच्या उजव्या ठिपक्यापर्यंत. मग डावा ठिपका, तो उजव्या काटकोनाच्या आडव्या टोकाला. असंच दोन्ही बाजूंनी एकेक टोक खाली उतरत जायचं. आठ कमानी झाल्या की सोळा टोकं संपतात आणि तळाशी दार उरतं.

बिघडतं ते नेमकं दोन ठिकाणी. एखादा ठिपका सुटला की पुढची प्रत्येक जोडी एका टोकानं सरकते, रेषा एकमेकींना छेदतात किंवा एक टोक अनाथ राहतं. दुसरं म्हणजे आधी गोल वर्तुळं काढून नंतर त्यांत फटी पाडायचा मोह. त्यातून हा मार्ग कधीच निघत नाही. पहिली कमान उजवीऐवजी डावीकडे गेली तर मात्र काही बिघडत नाही, आकृती आरशातल्यासारखी उलटी येते इतकंच. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या इथल्या बायकांना हे लगेच जमेल. जांभ्यावर मात्र खोडता येत नाही. म्हणून मला वाटतं, कोरणाऱ्यानं आधी कोळशानं आखणी केली असणार, किंवा ती त्याच्या हातात इतकी मुरलेली असणार की आखणीची गरजच नव्हती.

आता बोट दारातून आत न्या. पहिली फेरी बाहेरची नाही! बाहेरून मोजलं तर आपण तिसऱ्या फेरीत शिरतो. मग दुसरी, पहिली, चौथी, सातवी, सहावी, पाचवी आणि मग केंद्र. वाट एकच, फाटा एकही नाही. इथे अभिमन्यू अडकू शकत नाही. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर महाभारताच्या प्रसंगात चक्रव्यूह कोरलाय, म्हणून आपण तीच गोष्ट इथे चिकटवतो. रिवण आणि हरवळेच्या गुंफा जशा पांडवांच्या नावावर खपतात, तसंच हे.

आणि वय! 'वीस हजार वर्षांपूर्वीचा' असं बेधडक छापलं जातं, याचा मला मनापासून त्रास होतो. जांभा म्हणजे लोहयुक्त कडक जाळी आणि तिच्या पोकळ्यांत मऊ माती. पाणी माती धुऊन नेतं, खाचेच्या कडा झडतात, आणि घाव लोखंडाच्या छिन्नीचा की गारगोटीचा हे सांगणारी खूणच उरत नाही. दगडाच्या खाचेत कालमापनाला कार्बन नाही. ग्रीसमधल्या पायलोसची मातीची पाटी इसवीसनपूर्व सुमारे १२०० ची. निश्चित काळ ठरलेली या आकृतीची ती सर्वांत जुनी नोंद. आपल्या चक्रव्यूहाला तिच्याआधी नेणाऱ्यानं पुरावा द्यायला हवा. बैल आणि चक्रव्यूह एकाच काळातले, हेही गृहीत धरू नका.

त्यात आपण खाचांत खडूची पूड भरतो, फोटो उठून दिसावा म्हणून. ती पूड पोकळ्यांत बसते, निघत नाही, आणि पुढच्या अभ्यासकाला खाचेची खरी कड दिसत नाही. पुराचा गाळ फावड्यानं खरवडणंही तसंच घातक, नवा ओरखडा जुन्या रेषेत मिसळतो. गाळ पाण्यानं भिजवून मऊ ब्रशनं काढावा. फोटो सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर काढावा, नाहीतर रात्री बॅटरी जमिनीलगत तिरपी धरावी. सावलीच रेषा दाखवते.

आयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा 'कशासाठी' झरझर सांगतो. एक, वाट एकच असल्यानं हे कोडं नाही, चालण्याची किंवा बोट फिरवण्याची आकृती आहे. दोन्हींतलं कुठलं, ते दोन खाचांमधल्या पट्ट्यात पाऊल मावतं का, हे मोजून बरंचसं ठरेल. दोन, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून चक्रव्यूह काढून तो धुतलेलं पाणी पाजण्याची प्रथा भारतात नोंदलेली आहे, आणि याच कातळावर मातृदेवता म्हणून ओळखली जाणारी स्त्रीआकृतीही आहे. दोन्ही शेजारी आहेत म्हणून एकाच हेतूच्या ठरत नाहीत, पण एकत्र अभ्यासायलाच हव्यात.

तीन, माझा मुख्य मुद्दा. पावसाळ्यात हे कातळ नदीच्या पाण्याखाली आणि गाळाखाली जातं. म्हणजे इथे जे काही व्हायचं ते कोरड्या ऋतूतच. धालो आणि शिगमा या लोकोत्सवांचा मांड, म्हणजे नाचगाण्याची जागा, आपल्याकडे एरवी साधी जमीन असते आणि ठरलेल्या दिवसांत पवित्र होते. उसगाळीमळही असाच ऋतूचा मांड असावा, आणि निरनिराळ्या पिढ्यांनी त्यात आपापली भर घातली असावी, असं माझं मत. हे तपासता येतं: जिथे एक रेषा दुसरीला छेदते तिथे आधीची कुठली आणि नंतरची कुठली, ते नोंदायचं. सगळ्या आकृती एका दमात झाल्याचं निघालं, तर माझं म्हणणं मागे घ्यावं लागेल.