दोन अक्षरी हाक

(रावेर तालुक्यात पावसाळ्याच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मृगाचा पाऊस बरसला की डबक्यांतून डराव-डराव सुरू करणारा पिवळाधमक मोठा बेडूक तुमच्या ओळखीचाच आहे. त्याचा एक शांत भाऊबंद आपल्या मोरीत, माठामागे बसलेला असतो. तो झाडबेडूक. बोटांच्या टोकांना गोल चकत्या, त्यामुळे भिंतीवर सरसर चढतो. बायका ओरडतात, मग कुणीतरी झाडू आणतं. तो विषारी नाही, चावत नाही. झाडू ठेवून द्या. रात्री टक-टक-टक असं काहीतरी ऐकू आलं, तर बहुतेक तोच.

आज मात्र मी त्याच्या लांबच्या नातलगाबद्दल बोलणार आहे. कॅरिबियन समुद्रात प्वेर्तो रिको नावाचं बेट आहे. तिथला कोकी जेमतेम साडेतीन-चार सेंटीमीटरचा, तपकिरी, दिसायला अगदीच सामान्य. अंधार पडला की नर ओरडायला लागतात: ‘को-की! को-की!’ नावही त्यावरूनच पडलं. अर्ध्या मीटरवरून मोजलं तर हा आवाज नव्वद डेसिबलच्या आसपास जातो. म्हणजे स्वयंपाकघरातला मिक्सर, आणि तो बोटाच्या दोन पेरांएवढ्या जनावराच्या गळ्यात!

आता यातली खरी गंमत ऐका. ‘को’ खालच्या पट्टीत, साधारण अकराशे हर्ट्झच्या पुढेमागे. ‘की’ वरच्या पट्टीत, दोन हजारांच्या आसपास आणि चढत जाणारा. पीटर नॅरिन्स आणि रॉबर्ट कॅप्रानिका या संशोधकांनी जंगलात स्पीकर लावून हे दोन तुकडे वेगवेगळे वाजवून पाहिले. नुसता ‘को’ वाजवला की शेजारचा नर लगेच उत्तर द्यायचा. नुसता ‘की’ वाजवला तर त्याला सोयरसुतक नाही. माद्या मात्र ‘की’च्या दिशेने सरकायच्या. आणि दोन नरांत जागेवरून जुंपली की ते ‘की’ गाळूनच टाकतात, फक्त ‘को, को’ करत राहतात. भांडताना बायकोला बोलावून काय करायचं?

1976 साली हे प्रसिद्ध झालं, त्यात कानाचीही तपासणी होती. नराच्या श्रवणतंतूंचा कल ‘को’कडे, मादीच्या तंतूंचा ‘की’कडे. हाक एकच, पण ‘माझ्या हद्दीत येऊ नको’ हा निरोप एकाला पोचतो आणि ‘मी इथे आहे’ हा दुसरीला. ऐकणाऱ्याचा कानच निरोप निवडतो. मला तर हा शोध बेडकाच्या पलीकडचा वाटतो, पण तिकडे वळलो तर चहा थंड होईल.

बाकी संसारही वेगळा. आपला झाडबेडूक पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीला फेसाचं घरटं करतो, त्यातून शेपटीवाली पिल्लं खाली पाण्यात टपकतात. कोकीला डबकंच लागत नाही. मादी जमिनीवर, वाळल्या पानांच्या द्रोणात अंडी घालते, नर ती राखतो आणि अंड्यातून थेट चार पायांचं इवलंसं बेडकू बाहेर येतं. शेपटीचा मुक्काम जवळजवळ अंड्याच्या आतच संपतो.

हीच सोय पुढे डोकेदुखी झाली. 1980 च्या दशकाच्या शेवटी शोभेच्या रोपांच्या कुंड्यांतून कोकी हवाई बेटांवर पोचला. तिथे मूळचा एकही बेडूक नाही, साप नाही; खाणारं कोण? काही ठिकाणी हेक्टरी नव्वद हजारांपर्यंत संख्येचे अंदाज निघाले. प्वेर्तो रिकोची माणसं याच आवाजाला आपली ओळख मानतात, हवाईत लोकांची झोप उडाली. सायट्रिक आम्लाचे फवारे मारले गेले. रोपांसाठी सापडलेला उपाय मात्र आपल्या जिल्ह्याला शोभेसा: 45 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्याने काही मिनिटं झोडपायचं. बेडूक मरतात, अंडी मरतात, बरीच रोपं तगतात. 45 म्हटल्यावर तुम्ही हसणार हे मला ठाऊक होतं. आपल्याकडे मे महिन्यात ती हवा असते, तिकडे तो इलाज आहे.

आता शेवटचा मुद्दा. नॅरिन्स यांनी प्वेर्तो रिकोच्या एका डोंगररस्त्यावर, पायथ्यापासून वरपर्यंत, तेवीस वर्षांच्या अंतराने दोनदा कोकींचे आवाज ध्वनिमुद्रित केले. वरचे बेडूक मोठे आणि आवाज जाड, खालचे लहान आणि आवाज बारीक, हा नियम दोन्ही वेळेला दिसला. पण दुसऱ्या खेपेला त्याच उंचीवर बेडूक लहान निघाले, आवाज चढा आणि आखूड. तापमान वाढल्याची खूण त्यांच्या गळ्यात उमटली होती. 2014 साली हे छापून आलं.

मघाशी एका भाऊंनी विचारलं, ‘आमच्या टिश्यूच्या रोपांतून असं काही येईल का?’ टिश्यूची रोपं म्हणजे प्रयोगशाळेतल्या बंद बाटलीत वाढवलेली; तिथे बेडूक शिरणार नाही. पण परगावाहून मातीसकट आणलेली शोभेची कुंडी वेगळी. तिची पानं, बुडाची माती, कुंडीखालचा ओलावा एकदा नीट बघून घ्या. आत आपलाच मोरीतला झाडबेडूक निघाला, तर त्याला बागेत सोडा. किडे खातो बिचारा.