दगडातली पानं

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: सीएसएमटीसमोरची सकाळ. टॅक्सीच्या काचेतून दिसणारा रस्ता.]

मुंबईत टॅक्सीवाल्याला नुसतं 'जे.जे.' म्हणालात, तर तो तुम्हाला भायखळ्याच्या हॉस्पिटलात नेऊन सोडेल. त्याची चूक नाही. दोन्ही जे.जे. एकाच माणसाच्या पैशातून उभे राहिले, सर जमशेटजी जीजीभाईंच्या. आपल्याला जायचंय ते दुसरं जे.जे., म्हणजे सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, ही कलाशाळा. क्रॉफर्ड मार्केटला लागून, दादाभाई नौरोजी रस्त्यावर, मोठाल्या झाडांच्या आडोशाला.

आज हे आवार चित्रकारांचं समजलं जातं. पण जमशेटजींनी पैसे दिले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कारागीर होता.

१८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानी कापड, मीनाकाम, कोरीव लाकूड बघून विलायतेतले जाणकार चकित झाले होते. आणि इकडे यंत्रावरच्या स्वस्त मालानं त्याच कारागिरांचे हातमाग बंद पडत होते. जमशेटजी चीनच्या व्यापारात, म्हणजे मुख्यतः अफूत आणि कापसात, श्रीमंत झालेले. १८५३ मध्ये त्यांनी कलाशाळेसाठी १ लाख रुपये देऊ केले. मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत पहिला वर्ग भरला. शिकवायचे काय, तर ड्रॉइंग. छिन्नी-हातोडीचा आवाज यायला अजून आठ वर्षं होती.

[दृश्य: जुन्या फोर्टचा नकाशा. तटबंदीच्या रेषा पुसल्या जातात.]

१८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, शहरात पैसा खुळखुळत होता आणि सरकारी इमारतींचे नकाशे एकामागोमाग एक निघत होते. नकाशे काढणारे होते, घडवणारे हात हवे होते. १८६५ मध्ये विलायतेहून तीन शिक्षक आले. जॉन ग्रिफिथ्स रंगकामासाठी, मायकेल हिगिन्स नक्षीदार लोहारकामासाठी आणि शिल्पांच्या घडाईसाठी जॉन लॉकवुड किपलिंग.

किपलिंग म्हटलं की लोकांना त्यांचा मुलगा रुडयार्ड आठवतो. याच आवारात तो जन्मला, आणि त्याच्यासाठी पर्यटक इथे येऊन फोटो काढून जातात. मला विचाराल तर या शहरावर बापाचे उपकार जास्त आहेत.

[दृश्य: शाडूवर फिरणारी कोरणी. अगदी जवळून.]

बघा हं. झाडाचं एक पान तोडून समोर ठेवायचं. शाडूची थापी मारायची, कडा बोटानं वर उचलायची, मग कोरणीनं मधली शीर आणि तिच्या फांद्या. पान सुकत आलं की त्याची कड जरा आत वळते. ते वळण शाडूत आलं पाहिजे. मग प्लास्टरचा साचा, साच्यातून नमुना, आणि तो नमुना शेजारी ठेवून दगडावर छिन्नी. मालाडचा पिवळसर दगड, कुर्ल्याचा दगड, आणि बारीक नक्षीसाठी पोरबंदरचा मऊ दगड. मऊ दगडात काम सुरेख उतरतं. मुंबईचा पाऊस आणि धूर तो लवकर खातो, हेही खरं.

[दृश्य: सीएसएमटी. खांबाच्या माथ्यावरून कॅमेरा हळूहळू सरकतो.]

या शिक्षणाचा सगळ्यात मोठा पुरावा आपण रोज ओलांडतो. वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचं, म्हणजे आजच्या सीएसएमटीचं, काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. घुमटावरची 'प्रगती'ची मूर्ती थॉमस अर्पची. पण खांबांच्या माथ्यावरची पानं-फुलं, पशुपक्षी, जिन्याची आणि खिडक्यांची लोखंडी जाळी, यात जे.जे.च्या मुलांचे हात आहेत. कर्जत फास्ट पकडताना कोण वर बघतंय म्हणा!

त्या मुलांची नावं? तिथेच घोडं अडतं.

१८७० मध्ये किपलिंगनी हिंडून कारागिरांची पेन्सिल-चित्रं काढली. सुतार, रंगारी, विणकर, कामात गढलेले. चित्रं अप्रतिम आहेत. मात्र बहुतेकांखाली धंदा लिहिलाय, गाव लिहिलंय, साल लिहिलंय. माणसाचं नाव नाही.

[दृश्य: अजिंठ्याची लेणी. कंदिलाचा उजेड.]

चित्रकारांचं नशीब जरा बरं. १८७२ पासून ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जायचे आणि भिंतींवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवून घ्यायचे. हे काम १८८५ पर्यंत चाललं. ही चित्रं लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला पाठवली होती. त्याच साली तिथे आग लागली आणि त्यातले पुष्कळ कॅनव्हास जळाले. त्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजींचं नाव आजही घेतलं जातं. अजिंठ्याची तीच नक्षी इथलेच शिक्षक जॉर्ज टेरींच्या देखरेखीखाली जे.जे.च्या मातीच्या भांड्यांवरही आली. ती भांडी चाकावर कुणी फिरवली, ते मात्र विचारू नका.

१८९१ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं आवारात कार्यशाळा उघडल्या. सोन्या-चांदीचं काम, मीनाकाम, लाकडी कोरीवकाम, गालिचे, लोहारकाम. बाप पोराला ओसरीवर शिकवायचा ते आता हजेरीपटावर आलं. संस्थेचा मूळ हेतू इथे पुरा झाला म्हणायचा. आणि गंमत अशी, की त्यानंतर पाचेक वर्षांतच गणपतराव म्हात्रे या विद्यार्थ्यानं 'मंदिरपथगामिनी' घडवली आणि कौतुकाचा सगळा ओघ शिल्पकाराकडे, कलावंताकडे वळला. १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन शाळेचे प्रमुख म्हणून आल्यावर भित्तिचित्रं आणि जिवंत मॉडेलवरून रेखाटन यांना जोर चढला. १९५८ मध्ये वास्तुकला आणि उपयोजित कला वेगळ्या संस्था झाल्या. धातुकाम, मातीकाम, वस्त्रकला हे विभाग मागे राहिले, कॉलेजच्या वेळापत्रकात.

[दृश्य: क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई. मुख्य दरवाजा.]

जाता जाता इथे दोन मिनिटं. १८६९ ची इमारत, आराखडा विल्यम इमर्सनचा. दरवाजाच्या कमानींवर किपलिंगनी केलेली शिल्पं आहेत, शेतात राबणारी माणसं. कॅमेरा वर लावला. शिल्पातल्या माणसाच्या पाठीवर फोकस येतोय न येतोय, तोच मागून डोक्यावर आंब्याच्या पेट्या घेतलेला हमाल ओरडला, "बाजू! ए बाजू!"

आम्ही स्टँड उचलून बाजूला झालो.